यूएसबी कॉपी इतकी स्लो का? : आजच्या एपिसोडचा मजकूर

नाशिकमधला माझा एक मित्र लग्नाचं शूटिंग करतो. लगीनसराईत त्याला रात्री १२८ जीबीचं कार्ड रिकामं करून सकाळी पुढच्या मुहूर्ताला पळायचं असतं. कॉपी सेकंदाला ३५ एमबीने झाली तर तास जातो, ९० ने झाली तर २४ मिनिटं. कार्ड तेच, कॉम्प्युटर तोच. मग अडतं कुठे?

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. यूएसबीचा वेग सांगतात मेगाबिटमध्ये, स्क्रीनवर दिसतं मेगाबाइट. ८ बिट म्हणजे १ बाइट. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी. प्रत्यक्षात हातात पडतात ३० ते ४०. २००८ च्या ३.० चा वेग ५ गिगाबिट.

आता एक टेस्ट करा. चार-पाच जीबीची एकच मोठी फाइल कॉपी करा आणि वेगाचा आलेख बघा.

वेग ३५-४० वर एकदम स्थिर? मग तुमचं कनेक्शन २.० वर चाललंय. पहिला संशय केबलवर घ्या. २.० च्या केबलमध्ये ४ तारा असतात, ३.० मध्ये त्यावर आणखी ५. मोबाइलसोबत येणारी टाइप-सी केबल बऱ्याचदा २.० चीच असते. टोक नवीन, आत जुनंच! मग पोर्ट बदला, हब काढा, कार्ड रीडरही ३.० चा आहे ना ते बघा. डेस्कटॉप असेल तर मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. ३.० चा पोर्ट बहुतेक वेळा निळा असतो, पण नेहमीच नाही.

सुरुवातीला जोरात, मग धपकन खाली? स्वस्त पेनड्राइव्हची किंवा एसएसडीची कॅशे भरली. तिथे केबल बदलून काही होणार नाही.

मोठी फाइल पळते, पण हजारो फोटोंचं फोल्डर रांगतं? प्रत्येक फाइलची नोंद वेगळी करावी लागते, शिवाय अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. झिप करून एकच फाइल पाठवा.

आणि वेग मधेच शून्यावर जातो, हार्ड डिस्क टकटक करते? मग टेस्ट-बिस्ट सगळं थांबवा. डिस्क बहुधा जायच्या मार्गावर आहे. जे परत मिळणार नाही, ते आधी बाहेर काढा.

शेवटचं. कॉपी झाली म्हणून लगेच कार्ड फॉरमॅट करू नका. दुसरी प्रत घ्या, चार-सहा क्लिप उघडून बघा, मग ‘इजेक्ट’ करूनच काढा. केबल दुसरी मिळते हो, सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही.

भेटू पुढच्या भागात!