मुक्काम एकीकडे, पोस्ट दुसरीकडे

अमेरिकेत एक जमात अशी आहे, की तिच्या नावावर दोन-तीन घरं असतात आणि त्यांतल्या एकाही घरात ती राहत नाही. घरं भाडेकरूंच्या ताब्यात, मालक-मालकीण चाकांवर. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळा मिशिगनच्या नाहीतर मोंटानाच्या गारव्यात आणि महिन्याच्या सुरुवातीला बँकेत भाडं जमा. भाडेकरूच्या डोक्यावर बसल्याशिवाय भाडं हाती लागत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत असलेला आपल्याकडचा घरमालक हे ऐकून कपाळावर हात मारून घेईल. मी मात्र उभा जन्म लोकांची आयकर विवरणपत्रं भरण्यात घालवलेला माणूस. मला या मंडळींच्या गाड्यांपेक्षा त्यांच्या कागदपत्रांचं कुतूहल जास्त. लेक-जावई तिकडे असल्यामुळे अमेरिकेला जाणं होतं, आणि गेलो की नातवंडांना सोडून मी कुठल्यातरी आरव्ही पार्कात गप्पा छाटत बसलेला असतो, अशी घरची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

इतिहास-भूगोल एका दमात उरकतो. आरव्ही म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची, संडास-न्हाणीची सोय असलेलं वाहन. वॉली बायम या गृहस्थाने १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी काढली. त्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या गाड्या ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला अजून बनतात. बाकी देशातल्या बहुतेक गाड्या इंडियानातलं एल्खार्ट आणि त्याच्या आसपासची गावं पुरवतात. स्वतःचं इंजिन असेल तर ती मोटरहोम : बसएवढी ‘क्लास ए’, व्हॅनएवढी ‘क्लास बी’ आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग आलेली ‘क्लास सी’. इंजिन नसेल तर ट्रेलर. त्यातला पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचा ‘फिफ्थ व्हील’ हा बारमाही राहणाऱ्यांचा लाडका. झालं.

या जमातीची जत्रा पाहायची तर जानेवारीत ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटला जावं. एरवी दोन-अडीच हजार वस्तीचं उजाड गाव. हिवाळ्यात तिथे नजर पोचेल तिथपर्यंत पांढऱ्या गाड्यांची छपरं दिसतात. कारण साधं आहे. भोवतालची जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. या खात्याच्या इतर बहुतेक जमिनींवर सलग १४ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम ठोकता येत नाही, पण क्वार्टझाइटजवळच्या ला पोसा भागात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांचा परवाना मिळतो. मी चौकशी केली तेव्हा त्याचे १८० डॉलर पडत होते. म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस डॉलर! वीज आपली, सौर पॅनेलची. पाणी गावातून भरून आणायचं.

क्वार्टझाइटला गेलात तर हाय जॉलीची कबर चुकवू नका. विषयाशी तिचा काडीचा संबंध नाही, तरी सांगतो. अमेरिकन लष्कराने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहायला परदेशातून उंट आणले, त्यांच्याबरोबर हादजी अली नावाचा उंटवाला आला. ते नाव गोऱ्या सैनिकांच्या तोंडी ‘हाय जॉली’ झालं. उंटांची योजना बारगळली; हा माणूस मात्र तिथेच राहिला आणि १९०२ मध्ये क्वार्टझाइटला वारला. त्याच्या कबरीवर दगडांचा छोटा पिरॅमिड आहे आणि टोकावर धातूचा उंट. फिरस्त्यांनी दर हिवाळी जिथे तळ ठोकावा, त्या गावचं मुख्य स्मारक एका उंटवाल्याचं असावं, हे मला फार आवडतं.

तिथेच मला ओहायोचं एक जोडपं भेटलं. तो निवृत्त इलेक्ट्रिशियन, ती शाळेतली ग्रंथपाल. कोलंबसमध्ये त्यांची तीन घरं भाड्याने दिलेली. आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलो असताना फोन वाजला. एका घरातला वॉटर हीटर गळत होता. गृहस्थ जागचे हलले नाहीत. बाईंनी आतून एक जाडजूड फाइल आणली. प्रत्येक घराचा रंगीत विभाग. त्यात मेन कॉक कुठे आहे त्याचा फोटो, विजेच्या पेटीचा फोटो, हीटर कोणत्या साली बसवला त्याची पावती, दोन प्लंबरांचे नंबर. भाडेकरूला कॉकचा फोटो गेला, पाणी बंद झालं, प्लंबरचा अंदाजखर्च मोबाइलवर आला आणि कॉफी संपायच्या आत मंजूरही झाला. हीटर तीन हजार किलोमीटर लांब.

लगेच पुढे जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. भाडेकरूच्या घरच्या नळासाठी प्लंबर नेमणारे हे घरमालक रबरी हातमोजे चढवून स्वतःच्या गाडीची मैलाटाकी रिकामी करायला निघाले. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात : संडासाची ‘ब्लॅक’, बेसिन-न्हाणीची ‘ग्रे’. डंप स्टेशनवर जाड पाइप जोडायचा, आधी ब्लॅकची खीळ ओढायची, ती वाहून गेली की ग्रेची. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. क्रम चुकवणाऱ्याला शेजारी क्षमा करत नाहीत. चाकांवरची मालकी ही अशी असते. तिन्ही घरांना माणूस पाठवता येतो, स्वतःच्या घराला नाही.

आता माझ्या आवडीच्या कोपऱ्यात येतो : पत्ता. ज्याच्या मालकीची तीन घरं आहेत त्याला स्वतःचा पत्ता नसतो! घरं भाडेकरूंची राहती जागा. तिथला पत्ता देऊन चालत नाही. पण वाहन परवाना, गाडीची नोंदणी, विमा, मतदान, ज्युरीचं बोलावणं, सगळ्याला पत्ता हवा. २००१ नंतर बँकांचे नियम कडक झाले, त्यांनाही राहता पत्ता लागतो. यावर या लोकांनी काढलेली तोड अशी, की एखाद्या राज्याचं कायदेशीर रहिवासी व्हायचं आणि तिथल्या टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता लावायचा. पसंतीची राज्यं तीन : टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा. तिन्ही ठिकाणी व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा आयकर नाही. साउथ डकोटात तर फिरस्त्याला वाहन परवान्यासाठी राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती पुरते. एक रात्र! आपल्याकडे रेशनकार्डावर नाव चढवायला किती खेटे घालावे लागतात ते आठवून मी गप्प बसलो.

टेक्सासमधलं लिव्हिंग्स्टन हे तर या पत्त्यांचं माहेरघर. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये एस्केपीज नावाचा क्लब काढला. तो इलेक्ट्रिशियन, ती परिचारिका. दोघंही स्वतः ट्रेलरमध्ये राहून देशभर फिरलेली. क्लबचं मुख्यालय लिव्हिंग्स्टनला आहे आणि त्याच्या टपाल सेवेचा पसारा एवढा, की तिच्यासाठी वेगळा पिनकोड आहे : ७७३९९. हजारो लोकांचं कायदेशीर घर म्हणजे या पिनकोडातला एक क्रमांक. कोणी अलास्कात असेल, कोणी फ्लोरिडात. पाकिटं इथे येतात आणि मालक सांगेल त्या गावी रवाना होतात. मला सगळ्यात भिडली ती शेजारचीच दुसरी सोय. म्हातारपणी किंवा आजारपणात गाडी चालवणं थांबलं, तर सभासदाने आपली गाडी तिथे आणून लावायची. जेवण, देखभाल, दवाखान्याची ने-आण क्लबच्या संस्थेकडून. राहायचं मात्र आपल्याच गाडीत. आपल्या वृद्धाश्रमांच्या चालकांनी एकदा जाऊन बघावं.

पत्ता बदलला की करही सुटला, असं मानणाऱ्यांची मात्र फसगत होते. भाड्याचं उत्पन्न जिथे घर आहे तिथलं. मालक टेक्सासचा रहिवासी झाला तरी कॅलिफोर्नियातल्या घराच्या भाड्यावर कॅलिफोर्नियात अनिवासी म्हणून विवरण भरावंच लागतं. वर घरमालकीचे नियमही घर आहे त्या राज्याचे. भाडेकरू गेल्यावर अनामत परत करायला कॅलिफोर्नियात २१ दिवस, टेक्सासमध्ये ३०, ॲरिझोनात कामाचे १४. ॲरिझोनात घर असेल आणि मालक परराज्यात राहत असेल, तर राज्यातला एक अधिकृत प्रतिनिधी नेमून त्याची नोंद काउंटीकडे करावी लागते. नोटिशीचं पाकीट लिव्हिंग्स्टनहून फिरत फिरत तुमच्यापर्यंत यायचं, आणि मुदत तोवर संपलेली असायची. म्हणून बरेच जण व्यवस्थापन कंपनी नेमतात. ती साधारणपणे भाड्याच्या आठ-दहा टक्के घेते. नवा भाडेकरू आणला तर त्याचे वेगळे.

आणि आता तो काटा, ज्याच्याकडे उत्साहाच्या भरात कोणाचं लक्ष नसतं. अमेरिकेत राहतं घर विकलं तर एकट्याला अडीच लाख आणि नवरा-बायकोला मिळून पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. अट अशी, की विक्रीआधीच्या पाच वर्षांत एकूण दोन वर्षं तरी त्या घरात राहिलेलं असावं. आता बघा. एखादं जोडपं बरीच वर्षं घरात राहून जून २०२२ मध्ये घर भाड्याने देऊन आरव्हीत गेलं. जून २०२५ पर्यंत त्यांनी घर विकलं तर सवलत मिळते. जुलैत विकलं तर पाच वर्षांच्या मोजणीत दोन वर्षांचा मुक्काम भरत नाही, आणि सगळ्या नफ्यावर कर. रस्त्यावरची तीन वर्षं भुर्रकन जातात. ‘आणखी एक हिवाळा फिरू, मग ठरवू’ म्हणणाऱ्यांचा तो हिवाळा लाखभर डॉलरना पडू शकतो!

बरं, भाड्याने दिलेल्या काळात इमारतीवर साडेसत्तावीस वर्षांच्या हिशेबाने घसारा मिळतो, तो गोड लागतो. पण विकताना त्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर परत जातो; करमुक्त सवलत त्याला लागू नाही. उरला एक रस्ता : घर विकून त्याच पैशांत दुसरी भाड्याची मालमत्ता घेणं, म्हणजे कर पुढे ढकलला जातो. त्यासाठी ४५ दिवसांत नवी मालमत्ता ठरवायची, १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा आणि मधल्या काळात पैसा त्रयस्थाच्या हाती ठेवायचा. त्या पैशांत झोकदार मोटरहोम घेऊ म्हणाल, तर ती स्थावर मालमत्ता नाही, सवलत गेली.

आपल्या मराठी मंडळींचा इथे एक वेगळाच गुंता होतो. भाड्याचं एक घर न्यू जर्सीत आणि एक फ्लॅट कोथरूडमध्ये, अशी माणसं कमी नाहीत. कोथरूडच्या भाड्यावर भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारात भरायचा असतो, कारण मालक अनिवासी. बहुतेक भाडेकरूंना याचा पत्ताच नसतो, आणि मालकाला आठवण करून देण्यात रस नसतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, तेही ‘नंतर बघू’त पडतं. ॲरिझोनाच्या वाळवंटात खुर्ची टाकून हे निस्तरायला बसलं, की पुण्यात रात्र झालेली असते.

एवढं कौतुक केलं, पण एक गोष्ट डाचते. त्याच क्वार्टझाइटच्या माळावर दुसऱ्या प्रकारचे लोकही भेटतात. जुन्या व्हॅनमध्ये राहणारे, हंगामी कामावर जगणारे, घरभाडं परवडेना म्हणून चाकांवर आलेले. जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक त्यांच्यावर लिहिलं, क्लोई झाओच्या त्याच नावाच्या सिनेमाला उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे एका गाडीत भाडं घेऊन निघालेला घरमालक आणि शेजारच्या गाडीत भाडं चुकवून निघालेला भाडेकरू. संध्याकाळी दोघं एकाच शेकोटीला बसतात. मला वाटतं, या जीवनाला ‘सगळं सोडून निघालो’ असं म्हणण्याचा हक्क पहिल्याला नाही. त्याने घर सोडलेलं नाही, घरात राहणं सोडलं आहे. त्याचं डिझेल कोणाच्या तरी पगारातून येतं, याची जाणीव असलेले मालक हीटर गळाल्याचा फोन पहिल्या रिंगला उचलतात.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हे खूळ आपल्याकडेही हळूहळू येणार. पण अमेरिकेतल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना ते आधीच लागलंय. त्यांना माझा सल्ला : आधी गाडी भाड्याने घेऊन एक अख्खा हिवाळा काढा. घरांची फाइल फोटोंसकट तयार करा. हाताशी प्रत्येक घराचं सहा महिन्यांचं भाडं राखीव असल्याशिवाय निघू नका. ज्या महिन्यात छप्पर गळतं त्याच महिन्यात गाडीचा टायर फुटतो. एकाच घराच्या भाड्यावर दोघांनी बारमाही फिरायचा बेत आखू नका, घर रिकामं पडलं की तो कोसळतो. आणि राहतं घर भाड्याने देणार असाल, तर घर सोडल्याच्या तारखेत तीन वर्षं मिळवून येणारी तारीख गाडीच्या स्टिअरिंगजवळ ठळक अक्षरांत चिकटवून ठेवा. गाडी दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे नंतर जा, करसल्लागाराकडे आधी.