गणंग का उरतात?

उसळ रटरटून शिजलेली असते, फोडणीचा वास घरभर असतो आणि पहिल्याच घासाला दाताखाली खडा येतो. तो खडा नसतो, दाणाच असतो. शिजता न शिजणाऱ्या या दाण्याला आपल्या भाषेत गणंग म्हणतात. शब्द इतका नेमका की पुढे तो माणसांनाही चिकटला. आज आपण दाण्यांपुरतंच बोलू.

मंडळी, गणंग उरले की दोष सुनेला जातो. खरा दोष बहुधा पोत्यात किंवा पाण्यात असतो. कडधान्याच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ उकळत्या पाण्यात सैल होतो, तेव्हा दाणा मऊ पडतो. कॅल्शियम ही बांधणी घट्ट करतं. म्हणून बोअरच्या जड पाण्यात हरभरा हटून बसतो. दमट, उकाड्याच्या जागी फार दिवस पडून राहिलेलं धान्यही असंच हट्टी होतं. मग ते रात्रभर भिजवा नाहीतर दोन रात्री.

आंबटाचंही तेच. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा शिजल्यावरच घालावेत. मिठावर मात्र उगाच आळ आहे. भिजवतानाच पाण्यात थोडं मीठ घातलं तर साल लवकर मऊ होते. चिमूटभर सोड्यानंही काम होतं, पण त्यात ब जीवनसत्त्वातलं थायमिन नष्ट होतं. मला तो सौदा पटत नाही.

रमजानमध्ये आमची अम्मी सहरीला भिजत घातलेले हरभरे इफ्तारसाठी दुपारनंतर शिजवायची. रोजा असल्यामुळे चव घेता येत नसे. ती चार-पाच दाणे वेगवेगळ्या जागचे काढून अंगठा आणि बोटात चिरडायची. एकही मधे टणक लागला की झाकण पुन्हा बसायचं. याहून चांगली परीक्षा मला अजून कुणी सांगितलेली नाही.

राजम्याच्या बाबतीत ही परीक्षा चवीपुरती राहत नाही. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. कोरेगावचा आपला वाघ्या घेवडाही राजम्याचाच भाऊबंद, तेव्हा त्यालाही हाच नियम लावावा. किमान ५ तास भिजवायचं, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळ उकळायचं. १० मिनिटांत विष मोडतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून ३० मिनिटं सांगतं. नुसत्या गरम पाण्यात मंद शिजवणं सर्वांत वाईट. ८० अंशांच्या आसपास तापवलेला अर्धाकच्चा दाणा पूर्ण कच्च्याहूनही विषारी ठरू शकतो. तेव्हा विजेच्या मंद शिजवणाऱ्या भांड्यात राजमा घालायचा असेल, तर आधी तो गॅसवर उकळून घ्या.

प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणून तिथे वेळही कमी आणि धोकाही कमी. महाबळेश्वरला तर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उघड्या पातेल्यात घेवडा शिजवायला बसलात, तर जेवायला उशीर होणार हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.