गोठलेले पेन्शन आणि विखुरलेली मते

नायगारा धबधब्याच्या दोन काठांवर एकाच नावाची दोन गावे आहेत. एक अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, दुसरे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात. दोन्हींच्या मधे पूल आहे आणि तो पायी ओलांडता येतो. समजा, मँचेस्टरच्या एकाच कारखान्यात उभी हयात घालवलेले दोन भाऊ २००० सालच्या मे महिन्यात निवृत्त झाले आणि उतारवयात मुलांजवळ राहावे म्हणून एक या काठावर व दुसरा त्या काठावर जाऊन राहिला. दोघांनीही ब्रिटिश सरकारच्या राष्ट्रीय विमा योजनेत सारखीच वर्षे वर्गणी भरलेली. अमेरिकेच्या काठावरील भावाला २०२५ च्या एप्रिलपासून आठवड्याला १७६ पौंड ४५ पेन्स मूळ पेन्शन मिळू लागले. कॅनडाच्या काठावरील भावाला त्याच आठवड्यात मिळाले ६७ पौंड ५० पेन्स. म्हणजे २००० साली पहिल्या आठवड्यात हाती पडले होते, नेमके तेवढेच. पंचवीस वर्षांत त्यात एका पेनीचीही भर पडली नाही.

आपल्याकडील कोणाही निवृत्त शिक्षकास वा कारकुनास ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. महागाई भत्त्याचा हप्ता चार महिने लांबला, तर संघटनांचे ठराव होतात आणि कचेरीच्या आवारात दुसरा विषय निघत नाही. भत्त्याविना मूळ पेन्शन म्हणजे काय, हे घरखर्चाची वही लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तो भत्ता एका विशिष्ट देशात राहिल्याच्या कारणाने कायमचा बंद झाला आहे, अशी कल्पना केली की परदेशस्थ ब्रिटिश वृद्धांच्या गाऱ्हाण्याचे स्वरूप कळते. अशा वृद्धांची संख्या साडेचार लाखांच्या घरात आहे. त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रेलिया, कॅनडा व न्यूझीलंड येथे राहतात; दक्षिण आफ्रिका, भारत आणि पाकिस्तानही त्याच यादीत मोडतात.

ब्रिटनचे सरकारी पेन्शन जगात कोठेही राहून घेता येते. वार्षिक वाढ मात्र सगळीकडे मिळत नाही. युरोपीय संघाचे देश, स्वित्झर्लंड, अमेरिका, इस्राएल, तुर्कस्तान, फिलिपाइन्स, जमैका, बार्बाडोस, मॉरिशस येथे ती मिळते, कारण या देशांशी ब्रिटनने पूर्वी कधी तरी परस्पर करार केले. इतरत्र करार नाही, वा असला तरी त्यात वाढीचे कलम नाही. या यादीत तत्त्व शोधू गेल्यास ते हाती लागत नाही. जमैका राष्ट्रकुलातील, कॅनडाही राष्ट्रकुलातील. इंग्लंडचा राजा कॅनडाचाही राजा. महायुद्धात ज्यांनी खांद्याला खांदा लावला ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा बाहेर राहिले आणि मनिलात स्थायिक झालेला इंग्रज मात्र दर एप्रिलला वाढ घेतो. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गरजांसाठी झालेल्या करारांचा हा साचलेला गाळ आहे. त्याला धोरण म्हणणे म्हणजे शब्दाची थोरवी वाढविणे होय.

ऑस्ट्रेलियाने या प्रश्नावर ब्रिटनशी दीर्घकाळ हुज्जत घातली. ब्रिटिश वृद्धाचे पेन्शन गोठले की त्याची तूट ऑस्ट्रेलियन करदात्याला आपल्या वृद्ध-साहाय्यातून भरून काढावी लागते, हा त्या सरकारचा आक्षेप होता. ब्रिटन बधेना, तेव्हा १ मार्च २००१ पासून ऑस्ट्रेलियाने उभय देशांमधील सामाजिक सुरक्षेचा करारच संपुष्टात आणला. लंडनवर त्याचा परिणाम झाला नाही.

प्रश्न न्यायालयातही गेला. ॲनेट कार्सन या बाईंनी ब्रिटनमध्ये वर्गणी भरली, पुढे दक्षिण आफ्रिकेत वास्तव्य केले, आणि २००० साली त्यांचे पेन्शन सुरू झाले ते तेथेच थिजले. हा वास्तव्यावरून केलेला भेदभाव आहे, अशी त्यांची तक्रार होती. ब्रिटनच्या उमराव सभेतील विधिज्ञांनी २००५ साली ती चार विरुद्ध एक मतांनी फेटाळली. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१० च्या मार्चमध्ये अकरा विरुद्ध सहा मतांनी तोच निर्णय कायम केला. पेन्शन हा देशांतर्गत कल्याणव्यवस्थेचा एक भाग आहे. त्यातील वाढ ब्रिटनमधील किमती व राहणीमान पाहून ठरते. ज्याचा खर्च दुसऱ्या देशात, दुसऱ्या चलनात होतो, तो स्वतःची तुलना ब्रिटनमधील रहिवाशाशी करू शकत नाही, असा त्या युक्तिवादाचा सारांश होता. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. टोरँटोतील भाड्याचा लीड्समधील भाड्याशी संबंध नसतो, हे उघड आहे. परंतु मग जिनीव्हातील भाड्याचा तरी तो कोठे असतो? वाढ ब्रिटनमधील किमतींसाठीच असेल, तर ती स्वित्झर्लंडला जाता कामा नये. आणि वर्गणीचे फळ म्हणून असेल, तर ती कॅनडालाही गेली पाहिजे. या पेचाचे उत्तर न्यायालयांनी कायदेमंडळाकडे सोपविले. ते त्यांच्या मर्यादेस धरूनच होते. कायदेमंडळाने ते अद्याप दिलेले नाही.

ते का दिले नाही, हे समजण्यासाठी ब्रिटनमध्येच राहणाऱ्या वृद्धांना काय मिळाले ते पाहावे लागते. १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पेन्शनचा वेतनवाढीशी असलेला सांधा तोडला आणि ते केवळ किमतींशी बांधले. त्याची पुरती किंमत वीस वर्षांनी मजूर पक्षाला मोजावी लागली. २००० च्या एप्रिलमध्ये चलनवाढ अल्प होती म्हणून पेन्शन नियमाने वाढले ते आठवड्याला अवघ्या ७५ पेन्सांनी. हिशेब बिनचूक होता, पण देशभर संताप उसळला. शेंगदाण्याच्या पुडीएवढी वाढ, अशी त्या ७५ पेन्सांची टवाळी झाली. पुढील वर्षी निवडणूक होती. २००१ च्या एप्रिलमध्ये त्याच अर्थमंत्र्यांनी, गॉर्डन ब्राऊन यांनी, मूळ पेन्शन ५ पौंडांनी वाढविले. हुजूर व उदारमतवादी पक्षांच्या संयुक्त सरकारने २०१० नंतर त्याहून पुढची मजल मारली: वेतनवाढ, किंमतवाढ आणि अडीच टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी वाढ दरवर्षी. 'ट्रिपल लॉक' या नावाने ती हमी ओळखली जाते आणि तिला हात लावण्यास कोणताही मोठा पक्ष धजत नाही.

२०२२ ची महागाई आली तेव्हा या हमीचे मोल दिसून आले. युक्रेनच्या युद्धानंतर गॅस व विजेची बिले भडकली. ऑक्टोबरमध्ये चलनवाढीचा वार्षिक दर ११.१ टक्क्यांवर, म्हणजे चार दशकांतील उच्चांकावर पोचला. त्याच शरद ऋतूत लिझ ट्रस यांच्या सरकारने पैशाची तरतूद न दाखविता करकपात जाहीर केली आणि पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातील नीचांकावर घसरला. बाई सात आठवड्यांत पायउतार झाल्या. ब्रिटनमधील वृद्धाला २०२३ च्या एप्रिलमध्ये १०.१ टक्के वाढ मिळाली आणि त्याची झळ काहीशी सोसण्याजोगी झाली. अमेरिकेच्या काठावरील भावाला पौंड घसरल्याचा फटका बसला, पण वाढीने त्याची भरपाई केली. कॅनडातील भावाला भरपाईची सोयच नव्हती. जगभर पसरलेली महागाई त्याच्याही दारात आली होती, आणि तिला तोंड द्यावयास त्याच्याजवळ २००० सालचे पौंड होते.

पुढे २०२४ च्या जुलैमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी त्याच महिन्यात वृद्धांना थंडीत इंधनासाठी मिळणारे साहाय्य केवळ अतिगरिबांपुरते मर्यादित केले. २०२५ च्या मे महिन्यातील स्थानिक निवडणुकांत मतदारांनी मजूर पक्षाला जबर फटका दिला आणि जून महिन्यात माघार जाहीर झाली: वार्षिक उत्पन्न ३५ हजार पौंडांपर्यंत असणाऱ्या सर्व वृद्धांना साहाय्य पुन्हा मिळणार. याच साहाय्याचा एक किस्सा परदेशस्थांच्या बाबतीत सांगण्याजोगा आहे. युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश वृद्धांनाही ते मिळत असे. स्पेनच्या उन्हात बसलेल्यांना इंधनाचे पैसे कशाला, अशी ओरड झाली. तेव्हा २०१५ च्या हिवाळ्यापासून इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागापेक्षा उबदार ठरलेल्या देशांत ते बंद झाले. त्यांत फ्रान्सही आला. फ्रान्सचे सरासरी तापमान काढताना ग्वादलूप व मार्टिनिक या कॅरिबियन बेटांची हवा हिशेबात धरण्यात आली होती. आल्प्सच्या पायथ्याशी कुडकुडणाऱ्या इंग्रज म्हाताऱ्यांना असा उष्ण कटिबंधाचा लाभ झाला. ती ऊब ब्रिटनमधील मतदारांच्या अंगावर आणण्याचे धाडस कोणी केले नसते.

मताचा प्रश्न येतो तो येथे. परदेशस्थ ब्रिटिश नागरिकांना संसदेसाठी मतदानाचा हक्क प्रथम १९८५ च्या कायद्याने मिळाला, तोही देश सोडल्यापासून पाच वर्षांपुरता. १९८९ साली ही मुदत वीस वर्षे झाली, २००० च्या कायद्याने ती पंधरावर आली. त्यामुळे २०१६ साली युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही यावर कौल घेतला गेला, तेव्हा युरोपातच राहणाऱ्या आणि त्या निर्णयाची सर्वाधिक झळ लागणाऱ्या असंख्य ब्रिटिश नागरिकांना मतच नव्हते. महायुद्धात इटलीत लढलेले आणि पुढे तेथेच राहिलेले हॅरी शिंडलर यांनी या मुदतीविरुद्ध अनेक वर्षे झुंज दिली. स्ट्रासबर्गमध्ये तेही हरले. २०२२ च्या कायद्याने मुदत रद्द झाली, पण अंमल १६ जानेवारी २०२४ पासून आला. शिंडलर २०२३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी वारले होते. गंमत अशी की राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीयाला, तो नुकताच विमानातून उतरलेला असला तरी, संसदेच्या निवडणुकीत नाव नोंदवून मत देता येते. आयुष्यभर वर्गणी भरून पर्थला गेलेल्या इंग्रजाला ते पंधरा वर्षांनी नाकारले जात होते.

आता मत आहे. मात्र त्याला वजन नाही. फ्रान्सने परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेत अकरा स्वतंत्र जागा ठेवल्या आहेत. ब्रिटनमध्ये परदेशस्थाचे मत तो पूर्वी जेथे राहत असे त्या मतदारसंघात जाते, आणि साडेसहाशे मतदारसंघांत ती मते मुठीतून सांडलेल्या दाण्यांसारखी विखुरतात. २०२४ च्या जुलैतील निवडणुकीत पात्र परदेशस्थ सुमारे ३० लाख असावेत असा अंदाज होता. नाव नोंदविणारे दोन लाखही नव्हते, आणि त्यांतील अनेकांच्या टपाली मतपत्रिका वेळेत पोचल्याच नाहीत. कोणत्याही उमेदवाराला या मतांची धास्ती घेण्याचे कारण नव्हते. विरोधी बाकांवरून या वृद्धांविषयी सहानुभूती व्यक्त होते. सत्तेवर येताच अर्थखात्याचे टिपण पुढे येते आणि सार्वजनिक पैशाला घरी अधिक निकडीच्या गरजा असल्याचे उत्तर मिळते. हुजूर व मजूर दोन्ही सरकारांनी ते दिले आहे. ब्रिटनचा पेन्शनवरील वार्षिक खर्च सव्वाशे अब्ज पौंडांच्या पलीकडे गेला आहे. त्या मानाने ही मागणी लहान, आणि मागणारे वयाने मावळतीकडे झुकलेले. दिरंगाई हेच तेथे किफायतशीर धोरण ठरते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध केवळ कुतूहलाचा नाही. १९६० व ७० च्या दशकांत येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉक्टर मोठ्या संख्येने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेले. त्यांच्यापैकी कोणी निवृत्तीनंतर पुण्यात वा मुंबईत परतले असतील, तर भारत हा वाढ नसलेला देश असल्याने त्यांचे सरकारी पेन्शनही परतल्या दिवशी होते तेथेच थांबते. रुपया घसरत गेल्याने त्यांना थोडा आधार मिळाला. २००० साली पौंडाला सत्तर रुपयांच्या आसपास मिळत, २०२५ साली शंभराच्या बरेच वर. तथापि, डाळ, औषधे आणि मोलकरणीचा पगार यांनी याच काळात मारलेली मजल त्याहून कितीतरी मोठी आहे. भारत व ब्रिटन यांच्यात २०२५ साली व्यापार करार झाला, त्यासोबत दुहेरी वर्गणी टाळण्याचेही ठरले. पण ते तात्पुरत्या नेमणुकीवर जाणाऱ्या नोकरदारांपुरते. निवृत्तांच्या वाढीला त्यात जागा नाही.

नियमावलीत एक कलम असेही आहे की, गोठलेले पेन्शन घेणारा वृद्ध काही काळ ब्रिटनला येऊन राहिला, तर तेवढ्या मुक्कामापुरते त्याला चालू दराने पेन्शन मागता येते. नायगाराच्या कॅनडाच्या काठावरील भाऊ तीन आठवडे मँचेस्टरला पुतणीकडे आला, तर ते तीन आठवडे तो, २०२५ सालच्या दराने, १७६ पौंड ४५ पेन्सांचा धनी ठरे. परतीचे विमान टोरँटोला उतरले की पुढच्या आठवड्यापासून पुन्हा ६७ पौंड ५० पेन्स.