घरच्या घरी ध्वनिमुद्रण (भाग ५) : गिटार आणि गळा, एकाच माइकसमोर

माइक कोणता घ्यावा, हे मागच्या भागात पाहिलं. तो घरी आला की बहुतेक जण क्लिक लावून आधी नुसती गिटार वाजवून घेतात आणि मग हेडफोन चढवून तिच्यावर गातात. ही स्टुडिओतली पद्धत, आणि तिथे ती योग्यच आहे. पण साध्या डेमोसाठी, म्हणजे चाल, शब्द आणि कॉर्ड दुसऱ्याला कळावेत एवढ्याच कामासाठी, ती अंगाशी येते असं माझं मत आहे. स्वतःच्या साथीवर गाणारा ओळीच्या शेवटी श्वास घेतो तेव्हा त्याचा हातही किंचित रेंगाळतो. ध्रुवपदाकडे येताना पिकचा जोर आपसूक वाढतो. गिटार आधी भरून ठेवली की गळ्याला तिच्या मागे फरफटत जावं लागतं, आणि गाणं कसं चालतं हेच डेमोतून गायब होतं. म्हणून वाजवणं आणि गाणं एकदमच असावं, आणि जमेल तोवर एकाच माइकवर.

याचा गाजलेला दाखला म्हणजे ‘नेब्रास्का’. जानेवारी १९८२मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून, टॅस्कॅमच्या पोर्टास्टुडिओ १४४ या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर नवी गाणी भरली. माइक शुअरचे एसएम ५७, स्टेजवर सर्रास दिसणारे. गाणं आणि गिटार एकदमच. उरलेले दोन ट्रॅक हवी ती भर घालायला. कॅसेट होती ती बँडला गाणी समजावीत म्हणून. बँडने ती वाजवून पाहिली, पण बरीचशी मुळासारखी उतरेनात, आणि सप्टेंबरमध्ये ती कॅसेटच अल्बम म्हणून बाजारात आली. आता कुणी म्हणेल, गाणारा स्प्रिंगस्टीन होता, माइक दोन होते, शिवाय मिक्स करताना वर एकोही चढवला होता. तिन्ही खरं. आणखी एक भर मीच घालतो : ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणंही त्याच ध्वनिमुद्रणातलं, आणि ते मात्र बँडच्या हातीच फुललं. पण कुठल्या गाण्याला बँड हवा आणि कुठल्याला नको, हे ठरवता येण्याइतकं गाणं त्या कॅसेटमध्ये उतरलं होतं. डेमोकडून याहून जास्त मागू नये.

मग दोन माइक का नकोत? कारण गळ्यासमोरच्या माइकमध्ये गिटारही शिरते. तिथे पोचायला तिला स्वतःच्या माइकपेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त कापावे लागले, तर ती साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोचते. दोन ट्रॅक एकत्र केले की ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी लाटा एकमेकींना खोडतात आणि गिटार पोकळ वाटू लागते. एका माइकला हा रोग जडत नाही. यावरचा आक्षेप उघड आहे : आवाज आणि गिटार यांचा तोल मग नंतर बदलता येणार नाही. नाहीच येणार, तो आधी जागेनेच साधावा लागतो. माइक छातीच्या उंचीवर, दीड-दोन फुटांवर ठेवून सुरुवात करावी. गळा मागे पडत असेल तर माइक वर सरकवावा, खर्ज भसभसत असेल तर साउंडहोलसमोरून काढून बाराव्या फ्रेटच्या अंगाला न्यावा. वीस-वीस सेकंदांचे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकाआधी ‘हनुवटीखाली, दीड फूट’ असं तोंडाने बोलून ठेवावं. नाहीतर ऐकताना कुठला तुकडा कुठला, याचा पत्ता लागत नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. माइक लांब गेला की खोली आत येते. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीची घूम मात्र जवळपास तेवढीच राहते. आपल्या फ्लॅटमध्ये खाली फरशी, चहूकडे गुळगुळीत भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. त्यात दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये जोर धरणारी एक लाट ११२ हर्ट्झच्या आसपास असते, आणि गिटारची पाचवी तार ११०वर. त्यामुळे ए कॉर्ड घेतला की खोलीच गुरगुरते आणि बोल मात्र गिटारला लागतो. बाजारातला पातळ फोम वरचे सूर खातो, या खर्जाला हातही लावत नाही. त्यापेक्षा बसायची जागा बदलावी. अगदी मधोमध किंवा भिंतीला टेकून बसलं की ही लाट जोरात उठते; लगतच्या दोन्ही भिंतींपासून गिटार साधारण अडीच फुटांवर येईल असं कोपऱ्याकडे पाठ करून बसलं तर सगळ्यांत कमी. पाठीमागे जाड गोधड्या टांगाव्यात किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट सताड उघडं ठेवावं, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. पंखा बंद, हे सांगायला नको.

एका माइकवर चूक दुरुस्त करता येत नाही, या तक्रारीत मला फारसा दम दिसत नाही. तीन मिनिटांचं गाणं पुन्हा गायला तीन मिनिटंच लागतात, आणि सांधे जुळवण्यात संध्याकाळ जाते. पातळी मात्र जपावी : सगळ्यांत मोठा सूर उणे १२ डेसिबलपर्यंत पोचला तरी २४ बिटच्या ध्वनिमुद्रणात पुरेसा आहे, आणि ध्रुवपदाला आवाज फाटत नाही. ही पद्धत अडते ती दोनच ठिकाणी. गाताना ज्यांचा हात अजून अडखळतो त्यांच्यापाशी, आणि गिटारचे मधले तुकडेच ज्या गाण्याचा जीव आहेत तिथे. अशा वेळी दोन ट्रॅक वेगळे घ्यावे लागतात. क्लिकशिवाय ते कसे जुळवायचे, ते पुढच्या भागात.