मिठाईंतील रंग आणि वनस्पतींचे अर्क

जत्रेंतील दुकानांत जिलेबी जितकी पिवळीजर्द, तितकें गिऱ्हाईक अधिक, हें सर्वांच्या पाहण्यांतील आहे. अशा कृत्रिम पदार्थांपासून शरीराचें रक्षण व्हावें म्हणून हळद, आंवळा, हिरवा चहा इत्यादिकांच्या अर्काच्या गोळ्या घ्याव्या, असें हल्लीं सांगण्यांत येतें, व त्यास शास्त्राचा आधार दाखविला जातो. हळद पिकविणारे आपणच असल्यामुळें हा आधार कितपत पक्का आहे हें तपासणें अगत्याचें आहे.

करडईचें तेल उघडें राहिल्यास खवट होतें, कारण हवेंतील प्राणवायु तेलांतील स्निग्धाम्लांशीं संयोग पावतो. आपल्या शरीरांतील पेशींच्या आवरणांतही तसलींच स्निग्धाम्लें असतात. श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूचा कांहीं अंश उग्र रूप धारण करून त्यांवर हल्ला करतो. त्यास आवरण्याकरितां ग्लुटाथायोन, कॅटालेज वगैरे राखणदार शरीर स्वतःच तयार करतें. हल्ला मोठा आणि राखणदार थोडे, अशी स्थिति झाली म्हणजे तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आपण प्राणवायूचा ताण म्हणूं.

टार्ट्राझीन हा पिवळा रंग आपल्या देशांत ज्या आठ कृत्रिम रंगांस परवानगी आहे त्यांपैकीं एक. मिठाईंत त्याची मर्यादा किलोमागें १०० मिलिग्रॅम आहे. इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या इजिप्त देशांतील प्रयोगांत प्रयोगशाळेंतील उंदरांस हा रंग तीस दिवस दिला. वजनाच्या किलोमागें ५०० मिलिग्रॅम दिला तेव्हां वर सांगितलेले राखणदार घटले. केवळ १५ मिलिग्रॅम दिला तरीही यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासणींत फरक पडला. पुढें तुर्कस्तानांत रंगासोबत केशरांतील क्रोसीन हें द्रव्य दिलें असतां बिघाड बराच कमी झाला. असे प्रयोग इतर वनस्पतींचेही झाले आहेत. तेव्हां अर्कांत गुण आहे, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

परंतु येथें हिशेब मांडला पाहिजे. किलोमागें ५०० मिलिग्रॅम म्हणजे साठ किलो वजनाच्या मनुष्यास तीस ग्रॅम रंग. कायदेशीर मिठाईंतून तो पोटांत जाण्यास रोज तीनशें किलो मिठाई खावी लागेल! हा आंकडा पाहून कोणी निश्चिंत होऊं नये. पंधरा किलो वजनाच्या पोरास लहान मात्रेच्या प्रमाणानें २२५ मिलिग्रॅम पुरतात. कायद्यांतील मिठाईचे ते सव्वादोन किलो होतात खरे. पण रंग दहापट पडला असेल, तर पावभर मिठाईंतच तेवढा रंग जातो. आणि कढईजवळ रंग टाकण्याचें माप म्हणजे पुष्कळदां नजरेची आणेवारीच असते. ज्यांनीं नजरेची आणेवारी पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको. शिवाय मेटॅनिल येलोसारखा मुळींच परवानगी नसलेला रंगही कांहीं ठिकाणीं वापरला जातो. उंदराचें प्रमाण मनुष्यास जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, हें मात्र लक्षांत ठेवावें.

आतां गोळ्यांविषयीं. हळदींतील कर्क्युमीन आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें जातें. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, मिऱ्यांतील पायपेरीन सोबत दिल्यास तें वीसपट जातें. व्यापाऱ्यांनीं तेवढाच धागा धरिला. परंतु २०१९ मध्यें इटलींत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीं कांहींस कावीळ होऊन यकृतास सूज आली. हिरव्या चहाच्या अर्कांतील मुख्य द्रव्य दिवसास ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास अपाय संभवतो, असें युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ सालीं सांगितलें. फिनलंडमध्यें तर २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर परीक्षा झाली. गाजरांतील बीटाकॅरोटीन गोळीच्या रूपानें दिलें असतां फुप्फुसाचा कर्करोग कमी न होतां शेंकडा १८ नीं वाढला. हा निकाल १९९४ सालचा आहे. भाजींतील गाजर निर्दोष, आणि त्याचेंच द्रव्य निराळें काढून रोज दिलें तर अपायकारक, असा हा प्रकार आहे. आमटींतील हळदीस हा दोष लागत नाहीं, कारण तिची मात्रा चिमूटभर असते.

अर्काचा खरा उपयोग मला पोटापेक्षां डब्यांत अधिक दिसतो. तेल खवट होऊं नये म्हणून रासायनिक द्रव्यें घालतात. त्यांऐवजीं रोझमेरी नांवाच्या वनस्पतीचा अर्क घालण्यास युरोपांत २०१० पासून परवानगी आहे. आपलें तिळाचें तेल करडईच्या तेलापेक्षां अधिक काळ टिकतें, तें त्यांतील स्वाभाविक रक्षक द्रव्यांमुळेंही.

घरीं जिलेबीस हळदीचा रंग द्यावयाचा असल्यास एक अडचण येते. क्षार लागतांच हळद तांबडी होते. कुंकू करण्याची युक्ति तीच. म्हणून पिठांत सोडा न घालतां दह्यानें पीठ आंबवावें, म्हणजे रंग पिवळा राहतो. तो दुकानाइतका भडक येणार नाहीं, व उन्हांत ठेवल्यास फिका पडेल.