पाव मिलिमीटरची फट

खामगावला नांदुरा रोडवरच्या एका गॅरेजात बोलेरोची बोनेटं आणि टेम्पोचे दरवाजे ठोकून सरळ करणारा मिस्त्री अधूनमधून वीतभर लांबीच्या मोटारीही तपासून देतो, असं ऐकलं तेव्हा थट्टाच वाटली. सांगणारे गृहस्थ मात्र गंभीर होते. ते शाळेत गणित शिकवतात आणि घरी धातूच्या छोट्या मोटारी जमवतात. पुण्याच्या एका संग्राहकाकडून त्यांनी मर्सिडीज ३०० एसएलचं १:१८ प्रमाणातलं मॉडेल पसंतीवर आणलं होतं. विक्रेत्याकडे तेच मॉडेल न उघडलेल्या डब्यातही होतं, पण त्याची किंमत दीडपट. सरांनी उघडलेलं घेतलं. पैसे पाठवण्याआधी ते मिस्त्रींना दाखवायचं होतं. मी सरांबरोबर गेलो.

गॅरेजात माणूस दिसायच्या आधी थिनरचा वास भेटतो. एका कोपऱ्यात लांबी भरून घासायला ठेवलेलं मडगार्ड, बाजूला रबिंगचं पाणी सांडलेली फरशी, भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे उडालेले फवारे. मिस्त्रींनी हात पुसले, पाटावर वर्तमानपत्र घातलं, वर एक काच ठेवली आणि डबा बाजूला सारला. डब्यावरचा ‘मर्यादित आवृत्ती’चा सोनेरी शिक्का सरांनी दोनदा दाखवला. मिस्त्रींनी तो एकदाही पाहिला नाही.

आधी चारी चाकं काचेला टेकतात का ते पाहिलं. टेकत होती. मग सरांचं काम. मूळ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसामधलं अंतर २४०० मिलिमीटर. भागिले अठरा, १३३.३. व्हर्नियर दोन्ही बाजूंना १३३ आणि वर थोडं दाखवत होता. सर खूश झाले. मिस्त्रींचा चेहरा मात्र तसाच राहिला. माप साच्यात ठरतं, त्यात कारागिराचं कौतुक ते काय, असा काहीसा भाव.

ही गाडी तपासायला अवघड आहे, आणि त्याचं कारण तिच्या जन्मातच आहे. १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ३०० एसएल पहिल्यांदा लोकांसमोर आली. बारीक नळ्यांचा जो सांगाडा तिला हलकेपणा देतो, तो दोन्ही बाजूंना इतका उंच येतो की नेहमीसारखं दार बसवायला जागाच उरत नाही. म्हणून दारं छतापासून वर उघडणारी केली. आत शिरताना मांडी अडकू नये म्हणून स्टिअरिंगचं चाक दुमडायची सोय केली. बोनेट खाली राहावं म्हणून सहा सिलिंडरचं इंजिन एका अंगावर कलतं बसवलं. १९५७पर्यंत अशा १४०० गाड्या झाल्या. खेळणं करणारा कारखाना या तीन जागी चोरी करू शकतो: दाराचे बिजागर, स्टिअरिंग, इंजिन. सरांनी ही यादी वहीत आधीच लिहून आणली होती.

मिस्त्रींनी खिशातून फिलर गेज काढला. टॅपेट सेट करायला वापरतात तो, पात्यांचा.

“चांगल्या गाडीचा दाराचा गॅप साडेचार मिलिमीटर धरा. भागिले अठरा किती होते सर?”

“पाव मिलिमीटर.”

“हाव. पाव मिलिमीटर.”

मग पंचवीसचं पातं एकेका फटीत उतरू लागलं. जोर अजिबात नाही. पातं आपल्या वजनाने उतरतंय की अडतंय, एवढंच बोटांना कळायला हवं. बोनेट चारी बाजूंनी बरोबर. डिकी बरोबर. डावं दार वरून बरोबर, पण मागच्या खालच्या कोपऱ्यात पातं खुळखुळलं. चाळीसचं घातलं, ते बसलं. “इथं पाव मिलिमीटर नाई राह्यलं,” ते म्हणाले. त्यांनी दार उघडून बिजागर पाहिला, बंद केलं, पुन्हा उघडलं. बिजागर बारीक होता, स्वस्त मॉडेलमध्ये दार उघडताच दिसणारा तो जाडजूड आकडा नव्हता. दोष दाराच्या बसण्यात होता.

“अॅक्सिडेंटची गाडी रंग मारून आणतात लोकं. रंग काई सांगत नाई. गॅप सांगते.”

जस्ताचा मिश्रधातू चारशे अंशांच्या आसपास वितळवून पोलादी साच्यात दाबतात. साचा झिजला की कडा गोल होतात. शिवाय दाराच्या कडेवर रंग चढतो आणि समोरच्या कडेवरही चढतो. हा थर धरून फट ठेवावी लागते. कंटाळा करणारा कारखाना सरळ मोठी फट ठेवतो. खऱ्या मोटारीचा रंग साधारण दहावा हिस्सा मिलिमीटर जाड असतो. अठरापट लहान मोटारीवर तो सहा हजारांश मिलिमीटरच्या आत हवा, आणि इतका पातळ फवारा कोणी मारू शकत नाही. म्हणजे प्रत्येक मॉडेलचा रंग प्रमाणापेक्षा जाडच. प्रश्न एवढाच की जाडपणा लपवला किती नीट.

तो पाहायला मिस्त्री ट्यूबलाइटखाली गेले. मॉडेल तिरकं धरून ट्यूबचं प्रतिबिंब छतावरून बोनेटवर सरकवलं. रेघ कुठे थरथरते, ते पाहायचं. रेघ थरथरली तर तिथे संत्र्याची साल, गॅरेजातला रोजचा शत्रू. चंदेरी रंगात आणखी एक अडचण असते. धातूची जी चमचम खऱ्या गाडीवर बारीक वाटते, तीच इथे अठरापट मोठी दिसते. ती बारीक रव्यासारखी दिसायला हवी, इथे थोडी जाड होती. चाकांवरच्या त्या प्रसिद्ध भुवईसारख्या कंगोऱ्यांच्या धारेवर रंग विरळ झाला होता. कडेवरून फवारा नेहमीच पळतो, मिस्त्री म्हणाले, तिथे हात हळू चालवावा लागतो. मग त्यांनी मॉडेल उलटं केलं आणि दाराखालच्या पट्टीची आतली बाजू दाखवली. तिथे रंग पूर्ण, एकसारखा होता. “इथं कोन पाह्यते? तरी मारला हाये.” त्या सकाळी त्यांच्या तोंडून निघालेलं हेच पहिलं कौतुक.

सरांनी हातातलं मॉडेल जोखून म्हटलं, वजन तर भरपूर आहे. संग्राहकांत हा समज पक्का आहे: जड म्हणजे अस्सल, हलकं म्हणजे प्लास्टिक. २०१०नंतरच्या दशकात ऑटोआर्ट कंपनी धातूच्या कवचाकडून कंपोझिटकडे वळली, तेव्हा कडा आणि फटी सुधारल्या तरी जुने ग्राहक हळहळले ते वजन गेलं म्हणून.

“वजनाचं काय घेऊन बसले सर? ही चांदी हाये का?”

हा प्रश्न खामगावातच विचारला जाऊ शकतो. रजतनगरी म्हणून मिरवणारं हे गाव. इथे चांदी ग्रॅमवर जाते आणि कापूस क्विंटलवर. गणिताच्या मास्तरांनी मात्र लगेच हिशेब मांडला. मूळ गाडी साधारण १३०० किलोची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही अठरापट कमी, म्हणजे वजन ५८३२ पट कमी. उत्तर येतं सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. हातातलं मॉडेल त्याच्या कितीतरी पट जड होतं. प्रमाणाचा आग्रह धरायचा तर जडपणा हा दोषच ठरतो. सर स्वतःच्या उत्तराकडे जरा नाराजीने पाहत राहिले.

पुढचं पटकन झालं. इंजिन कललेलं होतं, वायरी होत्या. स्टिअरिंग दुमडत नव्हतं. हेडलाइटच्या काचेमागे मधोमध खुंटीचा ठिपका दिसत होता, तो चांगल्या मॉडेलमध्ये दिसू नये. मग मिस्त्रींनी बॅटरी तिरकी धरून खांब, छत, तळ असं सगळं हळूहळू पाहिलं. या पाहणीला सगळ्यात जास्त वेळ लागला. जस्ताच्या ओतीवात शिसं मिसळलं, अगदी किंचित, तरी धातू आतून सडतो. आधी रंगाखाली फुगवटा, मग केसासारखी चीर. १९३०च्या दशकातल्या डिंकी कंपनीच्या कितीतरी छोट्या गाड्या कपाटात बसल्या जागी अशाच तडकल्या. त्यावर लांबी भरून उपयोग नाही. दमट हवेत हा रोग वेगाने वाढतो, म्हणून पावसाळ्यात मॉडेल डब्यात कोंडून ठेवू नका, असं त्यांनी बजावलं. मे महिन्याच्या उन्हात टायर मऊ पडून तळाला चिकटतात, तेही सांगितलं. या मॉडेलवर चीर नव्हती.

“ठेवा,” मिस्त्री म्हणाले. “पन दाराचे पैसे कापा.”

सरांनी तिथूनच फोन लावला. विक्रेत्याने फट, पाव मिलिमीटर, खुंटी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सुचवलं की शंका असेल तर बंद डबा घ्या, तो निर्दोष आहे. सरांनी विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, उघडलेलाच नाही ना.

या धंद्याचा सगळा दरफलक त्या एका वाक्यावर उभा आहे. फट, रंग, चीर पाहायची तर डबा उघडावा लागतो, आणि डबा उघडला की किंमत उतरते. म्हणजे बाजार सर्वात जास्त पैसे देतो तो कोणीच न तपासलेल्या मालाला. ज्याला मॉडेल पुन्हा विकायचंच आहे, त्याच्यासाठी हे ठीक असेल. त्याला मोटार नकोच असते, पुठ्ठा हवा असतो. पण दर्जा हा शब्द वापरायचा तर माझं मत मिस्त्रींच्या बाजूने आहे. दीडपट किमतीच्या त्या डब्यातलं दार कदाचित याहून ढिलं असेल, कदाचित आत धातू सडायला लागलाही असेल. थोडी घासाघीस होऊन सौदा ठरला. सरांनी तपासणीचे किती द्यायचे विचारलं, तर मिस्त्रींनी चहा सांगायला लावला आणि पॉलिश पेपर घेऊन मडगार्डकडे वळले. त्या गाडीचा मालक दुपारी येणार होता.