पहिला गडी कोणता मागावा?

सुटीच्या दिवशी धुळ्याला पांझरेच्या काठी किंवा जळगावच्या एखाद्या मैदानावर मुले क्रिकेटसाठी जमली, की खेळ सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट हमखास घडते. दोन कर्णधार समोरासमोर उभे राहतात, नाणे उडवतात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात. पहिला गडी मागण्याचा मान ज्याला मिळतो त्याला सारे भाग्यवान समजतात. पण त्याच्यापुढील प्रश्न वाटतो तेवढा सोपा नसतो. सर्वांत जोरकस फलंदाज मागावा, तर तो चार षटकांनंतर ‘आईने बोलावले’ म्हणून घरी जाणाऱ्यांतला! दुसरा तितका जोरकस नाही, पण दिवे लागेपर्यंत मैदान सोडणार नाही. मग पहिला गडी कोणता?

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर मांडला, की त्यातून संभाव्यताशास्त्राचे काही सुंदर नियम हाती लागतात.

अमेरिकेत डॅनियल ओक्रेंट या लेखकाने १९८० साली आपल्या मित्रांबरोबर एक कागदी खेळ सुरू केला. न्यूयॉर्कच्या ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत त्याच्या नावावरून त्या खेळाला ‘रोटिसरी लीग’ असे नाव पडले. प्रत्येकाने बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंतून आपला एक काल्पनिक संघ निवडायचा. तो खेळाडू खऱ्या मैदानावर जसा खेळेल तसे गुण आपल्या खात्यात लिहायचे. संघनिवडीच्या दिवशी पहिल्या क्रमांकावर कोणाला घ्यावे यावर तेथे वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत.

या वादाचे एक ताजे उदाहरण पाहा. अटलांटाच्या संघातील रोनाल्ड अकुन्या याने २०२३ च्या हंगामात ४१ ‘होम रन’ काढले आणि ७३ वेळा पुढचा तळ ‘चोरला’. एकाच हंगामात असा दुहेरी पराक्रम पूर्वी कोणीच केला नव्हता. साहजिकच २०२४ साली बहुतेकांच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर होते. मे महिन्यात मैदानावर पळता पळता तो वळला आणि डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. १६२ सामन्यांच्या हंगामात तो ४९ सामने खेळला, होम रन झाले ४. त्याच्या उजव्या गुडघ्यातील तोच अस्थिबंध २०२१ साली तुटलेला होता, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही त्याला पहिला मागणारे चुकले, असे म्हणता येईल काय? उत्तर देण्यापूर्वी थोडे गणित करू.

शिखरावरून उतार

आपल्याकडे खेळाडूंचा लिलाव खऱ्या पैशांनी होतो. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरला घेतले, आणि तेव्हा तो आकडा ऐकून लोक थक्क झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात पंजाबने मुंबईकर श्रेयस अय्यरसाठी २६ कोटी ७५ लाख रुपये मोजले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतले. किमतीत फरक नगण्य. २०२५ च्या हंगामात अय्यरने ६०४ धावा केल्या आणि त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पंतने केल्या २६९; त्यांतल्या नाबाद ११८ एकट्या शेवटच्या सामन्यात, म्हणजे त्याआधीच्या सर्व डावांत मिळून अवघ्या १५१.

येथे पुण्याच्या ऋतुराज गायकवाडची मालिका तपासण्याजोगी आहे. २०२१ साली त्याने ६३५ धावा करून स्पर्धेत सर्वांना मागे टाकले. पुढची वर्षे अशी: २०२२ मध्ये ३६८, २०२३ मध्ये ५९०, २०२४ मध्ये ५८३ आणि २०२५ मध्ये १२२. शेवटच्या आकड्याचे कारण उघड आहे. कोपराच्या हाडाला चीर गेल्याने तो पाचच सामने खेळू शकला. पण २०२२ चे काय? त्या वर्षी तो १४ सामने खेळला होता. ६३५ वरून एकदम ३६८ वर का आला?

क्रीडासमीक्षक अशा वेळी नाना कारणे देतात. गणिती मात्र आधी एक साधी शंका काढतो. कोणत्याही खेळाडूच्या धावांत दोन भाग असतात, एक कौशल्याचा आणि दुसरा योगायोगाचा. सुटलेला झेल, यष्टीला चाटून गेलेला चेंडू, पंचांचा निर्णय हे सारे योगायोगात आले. जो खेळाडू यंदा सर्वांच्या वर आहे त्याच्याकडे कौशल्य असणारच, पण यंदाचा योगायोगही बहुधा त्याच्याच बाजूने झुकलेला असतो. पुढील वर्षी कौशल्य त्याच्याबरोबर येते. योगायोग येईलच असे नाही. म्हणून शिखरावरच्या माणसाचा पुढचा आकडा सरासरीच्या दिशेने सरकतो. सर फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना हा नियम मांडला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नसतात.

हे वर्गात पडताळून पाहता येते. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवावे. सात किंवा अधिक वेळा छापा मिळवणारे साधारण सातजण निघतील. त्यांना ‘छाप्याचे पटाईत’ म्हणून समारंभाने पुढे बोलवा आणि पुन्हा दहा वेळा नाणे उडवायला सांगा. त्यांची सरासरी पाचाच्या आसपास येईल! येथे कौशल्याचा भाग शून्य आहे, म्हणून उतार पुरा होतो. क्रिकेटमध्ये कौशल्य असते, म्हणून तो अर्धामुर्धा होतो.

आणखी एक गोष्ट. योगायोगाची लुडबूड सामन्यांच्या संख्येबरोबर कमी होते, पण संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १६२ ला १४ ने भागून वर्गमूळ काढले तर ३.४ येते. म्हणजे चौदा सामन्यांच्या सरासरीत योगायोगाचा घोळ १६२ सामन्यांच्या मानाने जवळजवळ साडेतीन पट. (बेसबॉलमध्ये फलंदाज एका सामन्यात तीन-चार वेळा खेळायला येतो, तेव्हा खरा फरक याहूनही मोठा.) डिसेंबर २०२३ मध्ये कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाखांना घेतले. पहिल्या दोन सामन्यांतील आठ षटकांत त्याने १०० धावा दिल्या आणि बळी मिळवला नाही एकही. ‘पैसे पाण्यात गेले’ असे लोक म्हणू लागले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १७ बळी होते आणि अंतिम सामन्याचा मानकरीही तोच होता. आठ षटकांवरून माणूस तोलणे म्हणजे दोनदा नाणे उडवून ते खोटे ठरवण्यासारखेच.

बोरीच्या झाडाचा लिलाव

लिलावात दुसरा एक सापळा असतो. समजा, मेहरूणच्या एका बोरीच्या झाडाचा लिलाव आहे आणि दहा व्यापारी नजरेने बोरांचा अंदाज करीत आहेत. कोणाला ५० किलो वाटतील, कोणाला ७०, कोणाला ९०. दहांची सरासरी खऱ्या वजनाच्या जवळपास असेल. पण झाड मिळते कोणाला? ज्याने सर्वांत जास्त अंदाज केला त्याला! म्हणजे लिलाव जिंकणारा बहुतेक वेळा प्रमाणाबाहेर आशा धरणाराच असतो. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांचे लिलाव तपासून केपन, क्लॅप आणि कँपबेल या तीन अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ साली हे दाखवून दिले. तेव्हापासून याला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव मिळाले आहे. शिक्षकांनी एका बरणीत हरभरे मोजून भरावेत आणि प्रत्येकाकडून संख्या चिठ्ठीवर लिहून घ्यावी. सर्वांत मोठा आकडा लिहिणाऱ्याला बरणी ‘विकली’ तर तो किती तोट्यात जातो ते पाहावे.

दुखापतीचे गणित

आता अकुन्याकडे वळू. अ आणि ब असे दोन खेळाडू घ्या. अ पूर्ण हंगाम खेळला तर ६०० गुण देतो, पण पूर्ण हंगाम खेळण्याची त्याची शक्यता ६० टक्केच. ब पूर्ण खेळला तर ४५० गुण देतो आणि त्याची शक्यता ९० टक्के. दुखापत झाली तर दोघांचेही १५० गुण धरू.

अ चे अपेक्षित गुण: ०.६ × ६०० + ०.४ × १५० = ४२०.
ब चे अपेक्षित गुण: ०.९ × ४५० + ०.१ × १५० = ४२०.

दोघे अगदी सारखे! मग निवड कशावरून करायची? येथे बहुतेकजण एक गोष्ट विसरतात. खेळाडू जखमी झाला म्हणून त्याची जागा रिकामी राहत नाही. राखीव गडी येतो. तो उरलेल्या हंगामात २०० गुण मिळवतो असे धरू. अ च्या बाबतीत ही वेळ ४० टक्के येते, म्हणून ८० गुण वाढून एकूण ५०० होतात. ब च्या बाबतीत १० टक्केच, म्हणून एकूण ४४०. म्हणजे अ ची जोखीम परवडते की नाही, हे पुष्कळसे तुमच्या राखीव गड्यावर ठरते. अ इतकेच त्या राखीव गड्याकडेही पाहायला हवे.

२०२५ साली हेच घडले. १८ कोटी देऊन राखलेला गायकवाड जायबंदी झाला तेव्हा चेन्नईने विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेला ३० लाखांत घेतले. सात सामन्यांत त्याने २४० धावा केल्या, त्यांत बंगळूरविरुद्ध ९४. उलट उदाहरण मुंबईचे. २०२२ साली जोफ्रा आर्चर त्या वर्षी खेळू शकणार नाही हे माहीत असूनही मुंबईने त्याच्यासाठी ८ कोटी मोजले. २०२३ मध्ये तो पाच सामने खेळला आणि दोन बळी घेऊन पुन्हा दुखापतीने परतला. त्याच २०२३ मध्ये मुंबईचा जसप्रीत बुमराहही पाठीच्या दुखण्यामुळे मैदानाबाहेर होता.

वेगवान गोलंदाजांची पाठ का दुखावते, हे जीवशास्त्राच्या तासाला विचारण्याजोगे आहे. चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल पायावाटे कण्यापर्यंत जाते, आणि त्याच क्षणी कणा वाकतो व पिळला जातो. हाडात बारीक चिरा पडतात. विश्रांती मिळाली तर हाड स्वतःला सांधते. न मिळाल्यास चीर वाढत जाते. कंबरेच्या मणक्यांची हाडे विशीतही पुरी पक्की झालेली नसतात. म्हणून शाळकरी गोलंदाजाकडून रोज अमाप षटके टाकून घेणाऱ्या प्रशिक्षकाला कोणी तरी थांबवले पाहिजे, असे आम्हांस वाटते. पूर्वी झालेली दुखापत हीच पुढील दुखापतीची सर्वांत खात्रीची खूण असते, हेही ध्यानात ठेवावे. अ च्या ६० टक्क्यांचा अंदाज त्याच्या मागील पाच-सहा वर्षांच्या हजेरीवरूनच करावा लागतो.

रावेरची केळी

रावेर-यावलच्या वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. केळीची बाग वर्षभर सांभाळावी लागते. घड कापणीला येतात त्या मे-जूनच्या दिवसांत वादळ आले, तर उभी बाग एका संध्याकाळी आडवी होते. केळी हा आपला अ खेळाडू. हरभरा किंवा मका हा ब. आणि येथे कागदी खेळ व खरे जीवन यांतील मोठा भेद दिसतो. दहाजणांच्या कागदी स्पर्धेत पहिले यायचे असेल तर जोखीम उपयोगाची असते, कारण दुसरा आणि दहावा सारखेच हरतात. शेतकऱ्याला पहिले यायचे नसते. बँकेचा हप्ता आणि मुलांची फी भागवायची असते. अपेक्षित उत्पन्न सारखे असले तरी ज्यात चढउतार कमी ते पीक त्याला अधिक मोलाचे.

जोखीम वाटून घेणे हा त्यावरचा जुना उपाय. पण तो कसा वाटावा यात मेख आहे. ४० टक्के धोक्याचे दोन खेळाडू घेतले, तर दोघेही एकाच वर्षी जखमी होण्याची शक्यता ०.४ × ०.४ म्हणजे १६ टक्के. पण हा गुणाकार दोन्ही धोके परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. एकाच शिवारात केळीचे दोन मळे असले तर वादळ दोन्हींवरून एकदमच जाते. तेथे गुणाकार चालत नाही. केळीचा एक मळा आणि हरभऱ्याचे एक शेत, ही खरी वाटणी. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षामुळे आयपीएल आठवडाभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा काही परदेशी खेळाडू परत आलेच नाहीत. ज्यांनी आपली सारी भिस्त परदेशी खेळाडूंवर ठेवली होती त्यांचे धोके स्वतंत्र नव्हते, हे त्यांना त्या आठवड्यात कळले.

हा खेळ वर्गात खेळायला वही आणि वर्तमानपत्र पुरे. पैसे लावून मोबाइलवर तो खेळण्याचे वेड खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. प्रत्येक गटाला १०० काल्पनिक रुपये द्यावेत, अकरा खेळाडू व दोन राखीव घेऊ द्यावेत. खेळाडू निवडण्याआधीच त्याचा अपेक्षित आकडा वहीत लिहून सही करायची, एवढी अट मात्र कडक ठेवावी. नाही तर हंगाम संपल्यावर ‘मला ठाऊकच होते’ म्हणणारे बरेच निघतात.

तोवर एक कोडे. वरच्या उदाहरणात राखीव गडी २०० गुण देतो असे धरले, तर अ ची पूर्ण हंगाम खेळण्याची शक्यता किती टक्क्यांपर्यंत खाली आली म्हणजे अ आणि ब सारखे ठरतील? (उत्तर : ३६ टक्के. राखीव गडी नसताना हाच आकडा ६० होता.)